टिपणीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत: प्राध्यापकांच्या एका प्रशिक्षणाची हकिकत

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या कॉलेजात प्राध्यापकांचं सहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलापर्यंत शिकवणं पोचावं म्हणून काय काय बदलता येतं, हा विषय. समन्वयक म्हणून माझं नाव पडलं होतं. मार्चअखेर हिशेब सादर झाला, फाइल बंद झाली. दरम्यान आजूबाजूच्या कॉलेजांतून फोन यायला लागले, "मॅडम, तुमची टिपणी पाठवा ना, आमच्याकडेही करायचंय." टिपणी म्हणजे मंजुरीसाठी कार्यालयात द्यायचा लेखी प्रस्ताव. ती पाठवून भागत नाही, कारण अडतं ते टिपणीच्या पुढे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

कॉलेज सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्याच्या गावात आहे. नाव लिहीत नाही. बरीचशी मुलं वरच्या पाड्यांवरून येतात. घरी पावरी किंवा भिली, बाजारात अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत, अशा चार पायऱ्या चढून ती माझ्या भूगोलाच्या तासाला बसतात.

सुरुवात ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि ती काही फार उदात्त कारणाने झाली नाही. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या तपासणीची, तयारी चालू होती. तिच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही सुविधांचा प्रश्न होता. त्यापुढे लिहायला आमच्याकडे एक रॅम्प आणि एक 'व्हीलचेअर मागवली आहे' एवढंच होतं. त्याच आठवड्यात प्रथम वर्ष कला शाखेचा, दृष्टी फार कमी असलेला एक मुलगा तास संपल्यावर थांबला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या नोट्स मोबाइल वाचत नाही. बाकी सरांच्या पण नाही वाचत." मी दोन्ही गोष्टी एकाच टिपणीत घातल्या. प्राचार्यांना नॅक महत्त्वाचं होतं, मला मुलगा. टिपणीत दोघांनाही जागा असावी.

टिपणीत कायद्याचा आधार सुरुवातीलाच द्या, पुढचे प्रश्न कमी होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे. कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. कलम ४७ मात्र कोणी उघडून पाहिलेलं नसतं. महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय शिक्षकांच्या शिक्षणक्रमात दिव्यांगत्व हा घटक आणावा, असं तिथे म्हटलंय. शिवाय यूजीसीने २०२२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सगळं सहज वापरता यावं यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं आणि मानकं काढली आहेत. या तीन गोष्टी आणि मुलाचं ते वाक्य, एवढ्यावर माझी पहिली टिपणी दीड पानात संपली.

मागितले ३८ हजार, मंजूर झाले २४ हजार. खरेदी समितीने रोजच्या जेवणावर काट मारली. 'प्राध्यापकांनी डबा आणावा' असा शेरा आला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण फाइल लेखा विभागात तीन आठवडे पडून राहिली त्याचं वाटलं. अडचण काय, तर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा. प्रशिक्षण म्हणून, की दिव्यांग सुविधा म्हणून? दुसऱ्या शीर्षात पैसे होते, पण ते बांधकामाचे. शेवटी पहिल्यात टाकला. तुम्ही करणार असाल तर टिपणी लिहिण्याआधीच लेखापालांसमोर बसा आणि शीर्ष त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

तारखा आधी दिवाळीच्या सुट्टीअगोदरच्या धरल्या होत्या. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि निम्मे प्राध्यापक निवडणूक ड्युटीवर गेले. २० नोव्हेंबरचं मतदान, २३ ची मोजणी, मग दुसऱ्या सत्राची सुरुवात. असं करत ९ ते १४ डिसेंबर या तारखा पक्क्या झाल्या. उशिराचा एक फायदा झाला. ड्युटी करून आलेले सहकारी बूथवरच्या व्हीलचेअरबद्दल, यंत्रावरच्या ब्रेल अंकांबद्दल, घरून मतदान करणाऱ्या वृद्धांबद्दल बोलत होते. आमचे इतिहासाचे सर तर स्टाफरूममध्येच म्हणाले, "एका दिवसाच्या मतदानाला एवढी सोय, आणि आपल्याकडे तीन वर्षं शिकणाऱ्या पोराला काय?" असं वाक्य मला माझ्या भाषणात सुचलं नसतं.

दुसरा फायदा कायद्याच्या सत्राला झाला. राजीव रातुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ८ नोव्हेंबरला आला होता. सुगम्यतेची मानकं केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असा त्याचा गाभा. ताजी गोष्ट होती, लोकांनी ऐकली.

वक्ते मिळवणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. धुळ्याहून एक दृष्टिहीन प्राध्यापक, जळगावहून कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या एक विशेष शिक्षिका, आणि आमचेच पावरा समाजातले एक सहकारी. बाहेरच्या वक्त्यांची सहा सत्रं, प्रत्येकी दीड हजार मानधन. प्रवास एसटीने. प्रवासभत्त्याच्या अर्जात 'प्रत्यक्ष भाडे' असा रकाना असतो, तिथे लेखापाल थबकले. दृष्टिहीन सरांना भाड्यात ७५ टक्के सवलत, बाईंचं महिला म्हणून अर्धं तिकीट, त्यामुळे आकडे एवढे लहान की त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. तिकिटं सांभाळून ठेवा.

जागेचं आधी बघा. आमचं सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सुगम्यतेचं प्रशिक्षण जिना चढून घ्यायचं, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सभागृहाच्या नोंदवहीत बुकिंग झालेलंही होतं. तळमजल्यावरचा मोठा वर्ग घेतला. तिथे प्रोजेक्टर नव्हता, तो रोज उचलून आणावा लागला.

पहिला दिवस कायद्याचा. दुपारचं ऊन, तेहतीस-चौतीस माणसं, अर्धे पेंगत होते. जाग आली ती परीक्षेच्या विषयाला. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर लेखनिक (परीक्षेत मुलाच्या वतीने उत्तरं लिहिणारा) देता येत नाही, अशी परीक्षा विभागाची पक्की समजूत होती. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच मोडीत काढलंय. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. टक्केवारीची अट लावून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या, त्यात लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं होतं. हे सांगितल्यावर परीक्षा विभागाच्या सरांनी वही उघडली आणि तासभर तेच प्रश्न विचारत राहिले. जादा वेळेचं गणितही तिथेच पक्कं झालं. केंद्राच्या तेव्हा लागू असलेल्या २०१८ च्या सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. 'थोडा वेळ वाढवून देऊ' असं मोघम काही नाही.

पण माझ्या मते खरं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

आम्ही सगळ्यांना आपापल्या नोट्सची फाइल पेनड्राइव्हवर आणायला सांगितली होती. धुळ्याच्या सरांनी लॅपटॉपवर एनव्हीडीए चालू केलं. हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्णपणे मोफत, मराठीही वाचतं. पहिली फाइल माझीच लावली, 'खानदेशातील नद्या'. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होती. यंत्राने पहिला शब्द घेतला आणि काहीतरी खरखरल्यासारखं बोललं. सरांनी बाणाची कळ दाबत एकेक अक्षर वाचायला लावलं. 'आर. के. आय. एच.' पडद्यावर लिहिलेलं होतं: तापी.

दाराशी चहा घेऊन उभा असलेला आमचा शिपाई म्हणाला, "मॅडम, हाई काय बोली राह्यनं?"

झालं होतं असं. फाइल कृतिदेवमध्ये टाइप केलेली. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. आर हे इंग्रजी अक्षर 'त'च्या आकाराचं चित्र घालून बसलेलं असतं, के म्हणजे काना, आय म्हणजे 'प', एच म्हणजे दुसरी वेलांटी. डोळ्यांना तापी दिसते, यंत्राला आरकेआयएच. श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींचीही तीच गत. त्या मुलाने ऑगस्टमध्ये जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते आता तीस जण कानाने ऐकत होते. पुढे दोन तास एकेक फाइल लागत गेली. वाणिज्यच्या सरांचा ताळेबंद म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो होता. यंत्र म्हणालं, 'ग्राफिक', आणि गप्प बसलं. मराठी विभागाच्या बाईंची फाइल मात्र खाडकन वाचली गेली, कारण त्या मोबाइलवर बोलून टाइप करतात आणि तो मजकूर युनिकोडच असतो, म्हणजे त्यातलं मराठी अक्षर यंत्रालाही मराठी म्हणूनच कळतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना आपण काय केलं ते कळलं नव्हतं.

यातल्या कामाच्या गोष्टी सांगते. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं नजरेखालून घालावीच लागतात. फोटोची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. तक्ते मात्र विस्कटतात, ते परत करा. शीर्षक ठळक करून मोठं करण्यापेक्षा वर्डमधली 'हेडिंग' शैली वापरा, म्हणजे ऐकणाऱ्याला एका कळीवर पुढच्या मुद्द्यावर उडी मारता येते. चित्राखाली दोन ओळींचं वर्णन लिहा. नवीन काही टाइप करायचं तर पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच करा. जुनं सगळं एकदम बदलायला घेतलंत तर आठ दिवसांत सोडून द्याल. या सत्रात एक प्रकरण करायचं, एवढंच आम्ही ठरवलं.

तिसऱ्या दिवशी फळ्याचा विषय होता. कोणीतरी सुचवलं, डोळ्यांना पट्टी बांधून बघूया. धुळ्याच्या सरांनी नको म्हटलं. "पट्टी बांधून तुम्हाला अंधाराची भीती कळेल. माझं काम कसं चालतं, ते नाही कळणार." त्याऐवजी त्यांनी एकेकाला पाच मिनिटं शिकवायला उभं केलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसले. 'हे इथून इथे असं येतं' असं कोणी म्हटलं की ते हात वर करायचे. माझ्या वाट्याला नकाशा होता. पाच मिनिटांत त्यांचा हात किती वेळा वर गेला ते विचारू नका.

त्या संध्याकाळी मी आणि प्रयोगशाळेतल्या भाऊंनी पुठ्ठ्यावर सुतळीचा नकाशा केला. तापी जाड सुतळीची, उपनद्या बारीक दोऱ्याच्या, सातपुडा रवाळ वाळू फेव्हिकॉलवर चिकटवून. खर्च शंभराच्या आत. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावलं. तो बोटांनी उजवीकडून डावीकडे गेला. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. वर अनेर, गोमाई. परत फिरला. मग विचारलं, "मॅडम, खालच्या नद्या एवढ्या लांब आणि वरच्या आखूड का?" कारण सातपुडा तापीला खेटून आहे आणि दक्षिणेच्या बहुतेक नद्या सह्याद्रीकडून, अजिंठ्याच्या डोंगरांकडून लांबून येतात. हे मी दरवर्षी सांगते, पण नकाशा बघून स्वतः विचारणारा विद्यार्थी मला क्वचित भेटलाय. आता तो पुठ्ठा सगळ्या वर्गात फिरतो, आणि डोळस मुलंही बोट फिरवतात.

चौथा दिवस जळगावच्या बाईंचा. त्यांनी भाषण केलंच नाही, आमचे तास बघितले. फळ्याकडे तोंड करून बोलणं, खिडकीकडे पाठ करून उभं राहणं (चेहरा काळा पडतो, ओठ दिसत नाहीत), एकाच वेळी लिहायला आणि ऐकायला लावणं. मोबाइलवर बोलणं अक्षरांत उमटवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे ॲपही चालवून पाहिलं. पुस्तकी मराठीला ते बरं चाललं. आमच्या सरांनी अहिराणी वळणाने उदाहरण द्यायला घेतलं आणि पडद्यावर भलतंच काहीतरी यायला लागलं. कर्णबधिर मुलाला केवळ यावर सोडू नका, असं बाईंनी बजावलं. मुद्दे आधी लिखित द्या. त्या दिवशी दुपारी वीज गेली ती दीड तास आली नाही. प्रोजेक्टर बंद पडला, पण हे सत्र अडलं नाही.

पाचव्या दिवशी वाद झाला, आणि बरं झालं. पावरा सहकाऱ्याने सकाळी सांगितलं की पाड्यावरचं पोर वर्गात गप्प असतं ते न समजल्यामुळे नाही, तर बोललं की हसतात म्हणून. त्याने मुलांकडूनच पारिभाषिक शब्दांचा अर्थ पावरीत सांगणाऱ्या छोट्या ध्वनिफिती करून घेतल्या होत्या, व्हॉट्सॲपवर ठेवल्या होत्या. इथवर सगळे खूश. मग मूल्यमापन आलं. अंतर्गत गुणांसाठी लेखी, तोंडी किंवा कृती यातलं मुलाने निवडावं, असा प्रस्ताव मांडला. हा विचार अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेच्या सार्वत्रिक अध्ययन आराखड्यातला: गोडी लावण्याचे, माहिती पोचवण्याचे आणि शिकलेलं दाखवण्याचे मार्ग एकाहून अधिक असावेत. वाणिज्यचे सर उसळले, "मग दर्जाचं काय? सगळ्यांना सोपं करून ठेवायचं?" ताळेबंद जुळवता येतो का, हे तपासायचं असेल तर तो हाताने आखलाय की संगणकावर, याने काय फरक पडतो, असं इतिहासाच्या सरांनी विचारलं. पण निबंधलेखनाच्या पेपरात लिहिणंच तपासायचं असतं, तिथे तोंडी कसं चालेल, हा वाणिज्यच्या सरांचा उलट प्रश्नही चुकीचा नव्हता. माझं मत असं की प्रत्येक प्रश्नापुढे 'यात नेमकं काय तपासतोय' हे एक वाक्य शिक्षकाने लिहावं. निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेले त्या दिवशी मिटले नाहीत.

सहाव्या दिवशी प्रत्येकाने बदललेलं एक पान दाखवलं. शेवटी भरीत-पुरी. चाळीस ताटं, ९० रुपये ताट, डिसेंबर असल्यामुळे वांगी अस्सल.

आता जे खुपलं ते. प्रशिक्षणाला बसलेल्यांत जवळपास निम्मे तासिका तत्त्वावरचे होते. प्रशिक्षणाचे तास हे शिकवण्याचे तास नाहीत, म्हणून सहा दिवसांचं मानधन त्यांना मिळालं नाही. कायम प्राध्यापकांना कर्तव्य रजा आणि पदोन्नतीच्या फाइलला एक प्रमाणपत्र, आणि यांना नुसतं प्रमाणपत्र. तरी सगळ्यांत जास्त फाइली त्यांनीच बदलल्या. पुढच्या प्रस्तावात मी त्यांच्यासाठी रोजचा भत्ता वेगळ्या ओळीत मागितला आहे. तुम्ही पहिल्याच वेळी मागा. आणि हे प्रशिक्षण पदोन्नतीला धरलं जाईल का, हा प्रश्न हमखास येतो. तोंडी उत्तर देऊ नका, लेखी मागवा.

जानेवारीअखेर प्रत्येकाचं एक प्रकरण यायचं होतं. निम्म्याहून कमी आली. फेब्रुवारीत अंतर्गत परीक्षेला पहिल्यांदा मोठ्या अक्षरांतली, १८ पॉइंटची प्रश्नपत्रिका छापली आणि लेखनिकांची यादी आधीच तयार ठेवली. कोणाला सुचलं नव्हतं ते असं: जादा वेळ म्हणजे जादा पर्यवेक्षक, आणि त्याच्या मानधनाची तरतूद नव्हती. ती आता झाली आहे. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही अशा मुलांसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ पासूनचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्याची नोंदणी ग्रंथपालांनी करून दिली.

रॅम्पचं राहिलंच. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पदार्थविज्ञानाच्या सरांनी टेप आणून तो मोजला. उंची दीड फूट, लांबी सात फूट. एकास बाराच्या, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी या हिशेबाने अठरा फूट लागतो. बांधकाम समितीकडे टिपणी गेली आहे, 'पुढील बैठकीत ठेवावे' असा शेरा आहे.

हिशेब: मानधन ९,०००, प्रवास ३,६४०, चहा ३,०६०, शेवटच्या दिवसाचं जेवण ३,६००, छपाई आणि साहित्य २,९००. एकूण २२,२००. उरलेले १,८०० परत भरले, त्याची पावती उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याला, जोडली. चहावाल्याकडे पक्कं बिल नसतं, त्याची सही घेतलेलं व्हाउचर रोजच्या रोज करा. सहा दिवसांचं एकदम करायला गेलात तर तारखा जुळत नाहीत.

पुढची तुकडी जूनमध्ये आहे, कार्यालय आणि ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांची. प्रवेशाची खिडकी त्यांच्याकडे असते, आणि प्रवेश अर्ज अजून कृतिदेवमध्ये आहे.